स्पॅनिश बोलताना जोर कुठे द्यायचा

स्पॅनिश बोलणाऱ्या गावात तुम्ही दुकानात गल्ल्यापाशी उभे आहात. 'पा´-गो' म्हटलंत तर अर्थ होतो 'मी पैसे देतो'. 'पा-गो´' म्हटलंत तर अर्थ होतो 'त्याने पैसे दिले'. अक्षरं तीच, त्यांचा क्रमही तोच. जोर पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर गेला आणि पैसे देणारा माणूस बदलला. मराठीत असं होत नाही. 'देतो' आणि 'दिले' ही रूपंच वेगळी आहेत, त्यामुळे जोर थोडा इकडेतिकडे झाला तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. म्हणून स्पॅनिश शिकताना आपण शब्दांचे अर्थ पाठ करतो, क्रियापदं चालवतो, पण आघाताकडे लक्ष देत नाही. मग सहा महिने अभ्यास करूनही समोरचा 'काय म्हणालात?' असं विचारतो आणि आपल्याला वाटतं, आपलं व्याकरण कच्चं आहे.

गोंदियात, आमगावात, देवरीत घरी बसून, समोर शिक्षक नसताना, फोनवर स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच, की स्पॅनिश शब्दाचा आघात शब्दागणिक पाठ करायचा नसतो. शब्द अक्षरांत नीट मोडता आला की आघात बहुतेक वेळा आपोआप सापडतो. आणि शब्द असा मोडून त्याचं वजन ओळखण्याची सवय मराठी कानाला आहे, फक्त ती स्पॅनिशच्या कामाला लावायची आहे.

वर वापरलेली ´ ही खूण संपूर्ण लेखात जोर असलेल्या अक्षराच्या पाठीमागे दिली आहे. छापील स्पॅनिशमध्ये ती स्वराच्या डोक्यावर असते, तिला 'तिल्दे' म्हणतात, आणि ती सगळ्या शब्दांवर नसते. ती कुठे असते आणि कुठे नसते, हे पुढे येईलच. या लेखात 'अक्षर' म्हणजे तोंडातून एका झटक्यात निघणारा तुकडा, कागदावरचं अक्षर नव्हे. हा फरक आधी पक्का करून घ्या, कारण मराठीत लिहिलेलं आणि बोललेलं यांत मोठं अंतर आहे. आपल्याच जिल्ह्यातली नावं मोठ्याने म्हणून पाहा. 'सालेकसा' लिहिताना चार अक्षरं होतात, बोलताना तीनच: सा-लेक्-सा. 'देवरी' कागदावर तीन, तोंडात दोन: देव्-री. 'आमगाव' कागदावर चार, तोंडात दोन: आम्-गाव्. मधला आणि शेवटचा 'अ' आपण सहज गिळतो, आणि गिळताना मागचं व्यंजन आधीच्या अक्षराला चिकटवून ते जड करतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. गोंदियात मराठीच्या जोडीला हिंदी, पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी अशा भाषा बाजारात आणि रेल्वे फलाटावर रोज कानावर पडतात. एका बोलीतून दुसरीत जाताना इथली पोरं चाल बदलतात. स्पॅनिशसाठी हे भांडवल लहान नाही.

स्पॅनिश मात्र स्वर गिळत नाही. लिहिलेला जवळपास प्रत्येक स्वर ती बोलते, म्हणून शब्द मोडणं आपल्यापेक्षा सोपं आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: का´-सा म्हणजे घर, मे´-सा म्हणजे टेबल, आ-मि´-गो म्हणजे मित्र. दोन व्यंजनं आली तर एक मागे राहतं, एक पुढे जातं: कार्´-ता म्हणजे पत्र, काम्´-पो म्हणजे शेत किंवा शिवार. पण दुसरं व्यंजन 'र' किंवा 'ल' असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ यांपैकी असेल, तर जोडी फुटत नाही, दोघंही पुढे जातात: लि´-ब्रो म्हणजे पुस्तक, पा´-द्रे म्हणजे वडील. (द आणि ल ही जोडी मात्र फुटते. त आणि ल या जोडीबाबत स्पेन आणि मेक्सिको यांच्या बोलण्यात फरक आहे. सुरुवातीला त्याची काळजी नको.)

याच ठिकाणी मराठी जीभ हमखास घसरते. 'पुत्र' हा शब्द आपण 'पुत्-त्र' असा म्हणतो, त आधीच्या अक्षरावर आपटतो, म्हणूनच वृत्तात 'पु' गुरू धरला जातो. तीच सवय आपण 'लिब्रो'ला लावतो आणि 'लिब्-ब्रो' म्हणतो, 'पाद्रे'चं 'पाद्-द्रे' करतो. स्पॅनिश कानाला हा ठेचका खटकतो. यावरचा उपाय आपल्या शाळेतल्या व्याकरणातच आहे. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते गुरू, येत नसेल तर लघु, असा नियम आपण वृत्तं शिकताना पाठ केलेला असतो. म्हणून 'पुत्र'मधला 'पु' गुरू आणि 'पुन्हा'मधला 'पु' लघु. 'तुझ्या', 'दऱ्या', 'कुऱ्हाड' यांतलं पहिलं अक्षरही असंच हलकं. 'लिब्रो' म्हणताना 'लि' हा 'पुन्हा'तल्या 'पु'सारखा मोकळा सोडा, आणि जोर देताना आवाज उचला, पुढचं व्यंजन दुप्पट करू नका.

अक्षराचं वजन तोलण्याच्या या कलेशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. आमगावजवळचं पदमपूर हेच नाटककार भवभूतीचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं, आणि आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचंच नाव आहे. भवभूतीची शिखरिणी अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने 'सुवृत्ततिलक' या ग्रंथात खास वाखाणली. शिखरिणीच्या ओळीत १७ अक्षरं असतात. आधी एक लघु आणि पाच गुरू, तिथे थांबा, मग सलग पाच लघु, दोन गुरू, तीन लघु आणि शेवटी एक गुरू. ज्याच्या कानाला ही चाल कळते त्याला जड अक्षर आणि हलकं अक्षर यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. गंमत अशी की स्पॅनिशची आई असलेली लॅटिन नेमका हाच हिशेब करायची. अक्षरात दीर्घ स्वर असेल किंवा ते व्यंजनाने बंद होत असेल तर ते गुरू. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर जोर आणखी एक घर मागे. 'आ-मी-कुस'मधला 'मी' गुरू, म्हणून जोर त्याच्यावर राहिला आणि आजच्या स्पॅनिशमध्ये 'आ-मि´-गो' म्हणतात. 'ता-बु-ला'मधला 'बु' लघु, म्हणून जोर 'ता'वर गेला, बिनजोराचा 'बु' हळूहळू विरला आणि 'ता´-ब्ला' उरलं. 'पो-पु-लुस'चं 'प्वे´-ब्लो' झालं, तेही असंच.

हे परकं वाटत असेल तर 'कापूस' आणि 'कापसाचा' हे शब्द शेजारी ठेवा. 'माणूस' आणि 'माणसाला', 'पाऊस' आणि 'पावसात', 'लाकूड' आणि 'लाकडाचं'. शेवटी प्रत्यय लागला, जोर पुढे सरकला आणि मधला 'ऊ' नाहीसा झाला. 'फूल'चं 'फुलाला', 'वीट'चं 'विटा', 'तूप'चं 'तुपात' यांत स्वर गेला नाही, पण ऱ्हस्व झाला. शुद्धलेखनाचे नियम म्हणून आपण हे घोकतो, पण मुळात हा उच्चाराचा हिशेब आहे. अक्षराची घडण बदलली की वजन हलतं आणि वजन हललं की स्वर बदलतो. स्पॅनिश क्रियापदांत हेच रोज घडतं. 'प्वे´-दो' म्हणजे मी करू शकतो, 'पो-दे´-मोस' म्हणजे आम्ही करू शकतो. 'द्वेर्´-मो' म्हणजे मी झोपतो, 'दोर्-मि´-मोस' म्हणजे आम्ही झोपतो. 'क्ये´-रो' म्हणजे मला हवं, 'के-रे´-मोस' म्हणजे आम्हाला हवं. जोर मुळावर असला की 'ओ'चा 'वे' आणि 'ए'चा 'ये' होतो, जोर पुढे गेला की मूळ स्वर परत येतो. पुस्तकं या क्रियापदांची अनियमित म्हणून वेगळी यादी देतात. तुम्ही ती 'फूल-फुलाला'च्या शेजारी लिहा. जोर नीट देऊन म्हणायला लागलात की ही रूपं अनियमित वाटेनाशी होतात. अर्थात कोणत्या क्रियापदात हा बदल होतो ते शिकावंच लागतं. 'को´-मो' म्हणजे मी खातो, तिथे 'ओ' तसाच राहतो.

आता मुख्य नियम. स्पॅनिश शब्दाचा जोर शेवटाकडून मोजायचा. शब्द स्वराने संपत असेल, किंवा 'न' अथवा 'स' या व्यंजनांनी संपत असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. इतर कोणत्याही व्यंजनाने संपत असेल तर जोर शेवटच्या अक्षरावर. यात न बसणाऱ्या प्रत्येक शब्दावर तिल्दे छापलेली असते, त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. इतका प्रामाणिक लेखनाचा नियम फार थोड्या युरोपीय भाषांकडे आहे.

जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या रोमन पाट्या स्पॅनिश माणसाने वाचल्या तर कशा वाचेल, यावर हा नियम घासून पाहा. 'तिरोडा' रोमन लिपीत 'ड'ऐवजी 'र' घेऊन लिहितात, तो वाचेल ति-रो´-रा. सालेकसाला तो सा-ले-का´-सा म्हणेल. आपण गिळलेला 'अ' तो पूर्ण उच्चारेल, आणि शब्द स्वराने संपतो म्हणून जोर त्याच 'का'वर टाकेल. देवरीच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'व' नाही, 'ओ' आहे, म्हणून दे-ओ´-रि. आमगाव आणि गोरेगाव रोमनमध्ये 'न'ने संपतात, म्हणून आम्-गा´-ओन आणि गो-रे-गा´-ओन. आपली दोन अक्षरं त्याच्या तोंडी तीन होतात. नागपूर 'र'ने संपतं, म्हणून नाग्-पुर´. बालाघाट 'त'ने संपतं, म्हणून बा-ला-गात´. अर्जुनीच्या 'ज'चा उच्चार तो 'ख'च्या जवळ करेल, पण जोराचा नियम तोच: आर्-खु´-नि. ही नावं एकदा स्पॅनिश चालीत आणि एकदा आपल्या चालीत म्हणून पाहा. दोन भाषांतला फरक जिभेला इतक्या लवकर दुसऱ्या कशाने कळत नाही.

'न' आणि 'स' यांनाच सवलत का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. 'का´-सा'चं अनेकवचन 'का´-सास', म्हणजे 'स' हा बहुधा अनेकवचनाचा प्रत्यय. 'आ´-ब्ला' म्हणजे तो बोलतो, 'आ´-ब्लान' म्हणजे ते बोलतात, म्हणजे 'न' हा क्रियापदाचा प्रत्यय. प्रत्यय चिकटला म्हणून शब्दाचा जोर हलत नाही, आणि लिखाणाच्या नियमाने हे ओळखलं आहे. मग बाकीच्या व्यंजनांनी जोर शेवटी का ओढून घेतला? कारण तिथे पूर्वी आणखी एक स्वर होता. लॅटिनमधला गाण्याचा शब्द 'कान्-ता-रे' होता, शेवटचा 'रे' स्वर गमावून बसला आणि 'कान्-तार´' उरलं. जोर आपल्या जागीच राहिला, शेवटचं अक्षर गळून पडलं म्हणून तो शेवटी आल्यासारखा दिसतो. 'आ-मोर´' (प्रेम) आणि 'स्यु-दाद´' (शहर) यांचं हेच झालं. मराठीतही शेवटचा 'अ' असाच गळाला. 'दुकान', 'बाजार', 'गोदाम' म्हणताना वजन शेवटच्या बंद अक्षरावर, 'कान', 'जार', 'दाम'वर पडतं. म्हणून 'आमोर' म्हणताना 'दुकान'ची चाल धरा. नवशिक्या मराठी माणसाला ही एक गोष्ट बहुधा पहिल्याच प्रयत्नात जमते.

जमत नाही ते इंग्रजीमुळे. हॉस्पिटल, हॉटेल, डॉक्टर, अ‍ॅनिमल, कलर हे शब्द आपल्या तोंडात इंग्रजी वळणाने बसले आहेत आणि स्पॅनिशमध्येही तेच शब्द जवळपास तसेच दिसतात. डोळे ओळखीचा शब्द पाहतात आणि जीभ जुन्या रस्त्याने जाते. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा 'ह' मुका असतो, आणि हे सगळे शब्द 'ल' किंवा 'र'ने संपतात, म्हणून ओस्-पि-ताल´, ओ-तेल´, दोक्-तोर´, आ-नि-माल´, को-लोर´. सोपे आणि ओळखीचे शब्दच आधी सुधारून घ्या. अनोळखी शब्द आपण नियमाने वाचतो, ओळखीचे शब्द सवयीने. दगा सवयच देते.

स्वर एकमेकांना चिकटतात तिथे थोडं थांबावं लागतं. स्पॅनिशमध्ये आ, ए, ओ हे तीन स्वर बलवान आणि इ, उ हे दोन दुबळे मानतात. दोन बलवान शेजारी आले तर प्रत्येकाचं वेगळं अक्षर होतं: पो-ए´-ता म्हणजे कवी, ते-आ´-त्रो म्हणजे नाट्यगृह. वर आमगावचं 'गा-ओन' असं फुटलं ते याच नियमाने. पण एक बलवान आणि एक दुबळा शेजारी आला, किंवा दोन्ही दुबळे असले, तर ते मिळून एकच अक्षर होतं. देवनागरीत हे फार छान दाखवता येतं, कारण आपल्याकडे त्यासाठी जोडाक्षर तयार आहे: त्ये´-र्रा म्हणजे जमीन, प्वेर्´-ता म्हणजे दार, ब्वे´-नो म्हणजे चांगला. रोमन अक्षरांकडे पाहून 'ति-ए-र्रा', 'पु-एर्-ता' असं म्हणू नका. अक्षरांची मोजणी चुकली की जोराचं घर चुकतं, हे शब्दाच्या शेवटी सगळ्यात जास्त जाणवतं. 'फा-मि´-ल्या' (कुटुंब) हा तीन अक्षरांचा शब्द आहे. तो कुणी 'फा-मि-लि-या' असा चार अक्षरांचा केला, तर शेवटून दुसरं अक्षर 'लि' होतं आणि जोर तिकडे जातो. 'फार्-मा´-स्या' (औषधाचं दुकान) आणि 'को-लोम्´-ब्या' हेही याच घरातले.

भारताला स्पॅनिशमध्ये इन्´-द्या म्हणतात, दोनच अक्षरं. म्हणून 'गोंदिया' हे नाव रोमन लिपीत जसं लिहितात तसं वाचताना तो माणूस गोन्´-द्या असं म्हणेल. त्याच्या तोंडून तीन अक्षरं हवी असतील तर दुबळ्या 'इ'वर तिल्दे द्यावी लागेल, मग तो गोन्-दि´-आ म्हणेल. दुबळा स्वर स्वतःवर जोर घेतो तेव्हा तो शेजाऱ्यापासून सुटून वेगळं अक्षर होतो, आणि ते कळावं म्हणून त्याच्यावर तिल्दे देतात. मा-रि´-आ, दि´-आ (दिवस), पो-लि-सि´-आ (पोलीस), पा-इस´ (देश) यांवर ती त्यासाठीच आहे. माद्रिदहून १९७६ पासून निघणाऱ्या 'एल पाईस' या वर्तमानपत्राच्या नावावरही ती दिसेल. 'फामिल्या' आणि 'पोलिसिआ' हे दोन शब्द शेजारी लिहून दहा वेळा म्हणा. एकात 'ल्या' जुळलेलं, दुसऱ्यात 'सि' आणि 'आ' सुटलेले. 'या'ने संपणारे शब्द मराठीत इतके आहेत की हा फरक कानाने पकडायला आपल्याला मुद्दाम मेहनत घ्यावी लागते.

तिल्दे असलेल्या बाकीच्या शब्दांचे दोन मोठे प्रकार पाहा. काहींत नियमाने शेवटून दुसऱ्यावर यायला हवा तो जोर शेवटच्यावर असतो: पे-रु´, पा-ना-मा´, बो-गो-ता´. आपण पेरू, पनामा, बोगोटा म्हणतो तेव्हा हा शेवटचा जोर हरवतो. काहींत जोर शेवटून तिसऱ्यावर असतो आणि तिथे तिल्दे नेहमीच लागते: मे´-खि-को, मे´-दि-को (डॉक्टर), सा´-बा-दो (शनिवार), ते-ले´-फो-नो. हे शब्द नीट पाहा. शेवटून दुसरं अक्षर प्रत्येकात मोकळं आहे, व्यंजनाने बंद झालेलं नाही. लॅटिनचा तो जुना हिशेब इथे अजून जिवंत आहे. शेवटून दुसरं अक्षर बंद असेल तर जोर त्याला ओलांडून मागे जात नाही. पालेन्सिया प्रांतातल्या फ्रो´-मिस्-ता या गावासारखे अपवाद बोटांवर मोजण्याएवढे, आणि वॉशिंग्टनसारखी परकी नावं. म्हणून एखादा नवा शब्द फक्त ऐकला असेल, छापील पाहिला नसेल, तरी शेवटून दुसरं अक्षर बंद वाटलं तर जोर त्याच्यावर किंवा त्याच्या पुढच्यावर शोधा, मागे नको.

जोर शेवटच्या तीन अक्षरांच्या मागे कधी जात नाही, हेही लक्षात ठेवा. फक्त क्रियापदाला सर्वनामं चिकटली तर शब्द लांबतो आणि जोर जुन्या जागी राहतो, जसं दि´-गा-मे-लो, 'मला ते सांगा'. एकवचन-अनेकवचनात तिल्दे कधी येते कधी जाते, याचं अनेकांना कोडं पडतं. 'खो´-बेन' (तरुण) एकवचनात तिल्देशिवाय लिहितात, कारण शब्द 'न'ने संपतो आणि जोर नियमाप्रमाणे आहे. अनेकवचन 'खो´-बे-नेस' झालं की जोर शेवटून तिसरा ठरतो, म्हणून तिल्दे येते. 'कान्-स्योन´' (गाणं) उलट आहे. एकवचनात तिल्दे हवी, 'कान्-स्यो´-नेस' या अनेकवचनात ती गरजेची नाही. जोर दोन्ही वेळा त्याच अक्षरावर आहे, मोजणी तेवढी बदलली. जोर खरोखर हलतो असे शब्द मोजके, आणि त्यांतला 'रे´-खि-मेन' (राजवट, पथ्याचा आहार) शिकण्यासारखा आहे. त्याचं अनेकवचन चार अक्षरांचं होतं. जोर 'रे'वरच ठेवला तर तो शेवटून चौथा होईल, ते चालत नाही, म्हणून लोक 'रे-खि´-मे-नेस' म्हणतात.

सराव वहीत करा, पण देवनागरीत स्पॅनिश लिहिताना एक सापळा आहे. आपल्याकडे रोमन 'a' या अक्षरासाठी 'आ'कारच वापरावा लागतो, त्यामुळे 'कासा'मधले दोन्ही स्वर कागदावर दीर्घ दिसतात आणि आपण ते 'काऽसाऽ' असे ओढतो. स्पॅनिश जोर म्हणजे स्वर ओढणं नव्हे. आवाज थोडा उंच जातो, थोडा ठाशीव होतो, किंचित लांबतो, आणि लगेच पुढे सरकतो. उलट बिनजोराचं अक्षर इंग्रजीसारखं पुसट करायचं नाही, त्याचाही स्वर स्वच्छ उच्चारायचा. जोर दाखवण्यासाठी दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार वापरायचा मोह टाळा, या लेखात मी तो टाळला आहे. शब्द ऱ्हस्वच लिहा आणि जोराच्या अक्षराखाली लाल रेघ ओढा. मराठीत शब्दाच्या शेवटी इ-उ दीर्घ लिहायची सवय आहे, ती इथे बाजूला ठेवा, नाहीतर 'का´-सि' (जवळजवळ) हा शब्द 'कासी´' होऊन बसेल.

रोज एखाद्या बातमीचा परिच्छेद फोनवर उघडा. आधी पेन्सिलने शब्द अक्षरांत मोडा, मग शेवटाकडून जोर शोधून रेघ ओढा, आणि त्यानंतरच मोठ्याने वाचा. वाचताना प्रत्येक अक्षराला टेबलावर बोट टेकवा, जोराच्या अक्षराला टिचकी. शंका आली तर स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. ही संस्था १७१३ मध्ये स्थापन झाली. परीक्षा द्यायची असेल तर 'देले' ही परीक्षा सेर्बान्तेस संस्था घेते. तिचं दिल्लीतलं केंद्र २००९ मध्ये सुरू झालं, आणि तोंडी परीक्षा अगदी पहिल्या पायरीपासून असते. जोराचा फरक दाखवायला वर्गात जे तीन शब्द शिकवतात ते पाठ करून ठेवा: तेर्´-मि-नो म्हणजे शेवट किंवा संज्ञा, तेर्-मि´-नो म्हणजे मी संपवतो, तेर्-मि-नो´ म्हणजे त्याने संपवलं. तिन्ही एका दमात, न अडखळता म्हणता येऊ लागले की जीभ तयार झाली असं समजायला हरकत नाही.

एकट्या शब्दांवर हात बसला की वाक्याकडे या, कारण वाक्यात अक्षरांची वाटणी पुन्हा बदलते. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वराला जाऊन मिळतं. 'लोस आमिगोस' (मित्र, अनेकवचनी) असं लिहितात आणि लो-सा-मि´-गोस असं म्हणतात. 'उन आमिगो' होतं उ-ना-मि´-गो. 'मि आमिगो'मध्ये दोन स्वर जुळून म्या-मि´-गो ऐकू येतं. शब्दांच्या सीमा अशा विरघळतात म्हणून सुरुवातीला स्पॅनिश फार वेगात बोलल्यासारखी वाटते. अशा वेळी शब्द शोधू नका, जोर शोधा. जोर आपल्या अक्षरावरून हललेला नसतो, आणि दोन जोरांच्या मध्ये काय आलं हे मग उलगडत जातं. रेडिओवरचं एखादं छोटं वाक्य घ्या, ते लिहायचा प्रयत्न न करता फक्त जोर ऐकून वहीत तेवढ्या टिंबांच्या खुणा करा. त्यानंतर तेच वाक्य पुन्हा लावा आणि टिंबांच्या मधली जागा भरा.